वन्संसाठी तापवलेलं पाणी

सोमवारी सकाळी चहा गाळताना मागच्या अंगणातून हीटरची घरघर ऐकू आली, तेव्हा हंसाला आधी वाटलं, बंगल्यावरचा गडी महिपत बंद करायला विसरला असणार. उत्तनजवळच्या डोंगरीच्या त्या बंगल्यात सोमवारी पूल गरम ठेवायचा नाही, हा तिच्या नवऱ्याचा नियम होता, आणि आत्माराम नियमाचा पक्का माणूस.

दोघं एरवी राहायची मीरा रोडला, पूनम सागरमधल्या फ्लॅटमध्ये. डोंगरीचा बंगला आत्मारामने निवृत्तीनंतर मोठ्या हौसेने बांधला. पुढे मुलाने, अभिनवने, तो सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांना भाड्याने द्यायची टूम काढली. "बाबा, नुसत्या पूलला आता कोणी विचारत नाही, थंडीत गरम पाणी पाहिजे," असं सांगून त्याने मागच्या अंगणातल्या पूलला हीटरही बसवून दिला आणि स्वतः बंगळूरला निघून गेला. तेव्हापासून तीन वर्षं तो पूल आत्मारामचा जीव की प्राण होता. शुक्रवारी पाहुणे यायच्या आधी तो पाण्यात तरंगणारा थर्मामीटर दहादा उचलून बघायचा. रविवारी ते गेले की हीटर बंद करून, महिपतच्या मदतीने निळं कव्हर ओढून, पाणी झाकून टाकायचा. मधल्या दिवसांत कोणी हीटरचं बटण दाबलेलं त्याला खपत नसे. "रिकाम्या पाण्याला ऊब कशाला?" हे त्याचं ठरलेलं वाक्य.

हंसा चहाचा कप घेऊन मागे गेली. आत्माराम पूलच्या कडेला उकिडवा बसून थर्मामीटर न्याहाळत होता.

"अहो, आज सोमवार ना?"

"मशीन फार दिवस बंद ठेवलं की बिघडतं," तो मान वर न करता म्हणाला. "मेकॅनिकच सांगत होता."

मेकॅनिक असलं काही बोलला नव्हता, हे हंसाला माहीत होतं. ती कप ठेवून आत आली. आतल्या खोलीत वन्सं झोपल्या होत्या.

वन्सं म्हणजे अनसूया, आत्मारामची मोठी बहीण. त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी. आई सतत आजारी, त्यामुळे लालबागच्या खोलीत आत्मारामला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं तिनेच केलेलं. आता ती नवघरला मुलाकडे, नीलेशकडे, राहायची. पावसाळ्यानंतर न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. हाड जुळलं, पण वन्सं काही वॉकर सोडायला तयार होईनात. व्यायाम शिकवायला येणारी क्षितिजा नावाची मुलगी म्हणाली, यांना कोमट पाण्यात चालवा, पाण्यात भार कमी पडतो. नीलेशने हे मामाला फोनवर सहज सांगितलं. दुसऱ्याच दिवशी आत्माराम गाडी घेऊन नवघरला हजर. दोन आठवडे ताई डोंगरीला राहील, एवढं सांगून तो बहिणीला घेऊनच आला.

हंसाला मनातून थोडी धाकधूक होती. ती भाईंदरच्या गुजराती घरातली. आत्मारामने तिच्याशी लग्न केलं तेव्हा वन्संनी दोन वर्षं तिच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. पुढे येणंजाणं सुरू झालं, पण तेही बेतानेच. सणाला साडी, आजारपणात चौकशी. एका छपराखाली सलग दोन आठवडे त्या कधी राहिल्या नव्हत्या.

आणि आल्या दिवसापासून वन्संनी पूलमध्ये उतरायला साफ नकार दिला.

"मी काय म्हैस आहे डुंबायला?" व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून त्या म्हणाल्या. "ह्या वयात? लोक बघतील तर काय म्हणतील?"

"कोण लोक, ताई? मागे शेत, पुढे कंपाउंड."

"महिपत आहे ना."

महिपत बंगला सांभाळणारा, मूळचा पोलादपूरकडचा. तो झाडांना पाणी घालत होता, तिथूनच म्हणाला, "मी न्हाय बघत, आजी. म्हनाल तर गावाला जाऊन येतो."

वन्सं हसल्या, पण उतरल्या नाहीत. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. आत्माराम मात्र रोज पहाटे उठून कव्हर काढायचा, थर्मामीटर बघायचा आणि न सांगता हीटरचा आकडा एकेक करून वर चढवायचा. पाहुण्यांनी पाणी गार आहे अशी कुरकुर केली तर त्यांना "हेल्थला हेच चांगलं" असं ऐकवणारा हा माणूस, वन्संसाठी पाण्यातून वाफा निघेपर्यंत थांबेना. भर आठवड्यात हीटर चालतोय हे बंगळूरला बसल्या बसल्या अभिनवला मोबाइलवर दिसलं. त्याचा फोन आला.

"आई, बाबांना बरं आहे ना? हीटर रात्रंदिवस चालू आहे. आणि पुढच्या आठवड्याचं बुकिंग बंद का केलंय?"

"आत्या आलीय."

"आत्या पोहते?"

"बघते," हंसा म्हणाली. "खुर्चीत बसून बघते."

गुरुवारी वन्संना आंघोळ घालायची पाळी हंसावर आली. रोज मदतीला येणारी बाई त्या दिवशी आली नव्हती. हंसाने स्टूल मांडलं, बादलीत ऊनऊन पाणी काढलं, आणि वन्संचा हात धरून त्यांना आत घेतलं. उंबऱ्यापाशीच वन्सं थांबल्या. फरशी ओली होती. त्यांनी हंसाचं मनगट असं काही धरलं, की तिच्या काचेच्या बांगड्या कातडीत रुतल्या. चेहरा मात्र नेहमीसारखाच कडक.

हंसाने त्यांच्या नजरेचा रोख बघितला. मग काही न विचारता मागे हात लांब करून जुना टॉवेल ओढला, पायाने फरशीवर पसरला. वन्संनी टॉवेलवर पाऊल ठेवलं. मनगटावरची पकड जरा सैल झाली.

पाठीवर पाणी घालता घालता हंसा हळूच म्हणाली, "वन्सं, लोकांची लाजबिज काही नाही ना? पूलच्या कडेच्या लाद्या ओल्या असतात, त्याची भीती वाटते."

वन्संनी अंगावरचं पाणी हाताने निपटलं.

"आत्माला सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "त्याला वाटतं, त्याची ताई कशाला भीत नाही."

"नाही सांगणार."

"पडले ना, तेव्हा नीलेश ऑफिसला गेलेला. दुपारभर तशीच पडून होते गं. नळ चालूच. पाणी आपलं अंगाखालून वाहतंय." त्यांनी टॉवेलवरचा पाय आत ओढला. "आता ओली लादी बघितली की पाऊल उचलत नाही."

हंसाने त्यांचे केस पुसले, गाऊन घातला, खोबरेल तेल लावून पातळशी वेणीही घातली. चाळीस वर्षांत त्यांच्या केसांना तिचा हात पहिल्यांदाच लागत होता. केस अगदी मऊ होते, लहान मुलाच्या जावळासारखे.

दुपारी तिने महिपतला हाताशी धरून माळ्यावरची सगळी गोणपाटं काढली. व्हरांड्याच्या पायरीपासून पूलच्या जिन्यापर्यंत ती एकाला एक जोडून अंथरली, वाऱ्याने उडू नयेत म्हणून कडेने कुंड्या ठेवल्या. आत्माराम झोपून उठला आणि बघतच राहिला. इटालियन लाद्यांवर कांद्याबटाट्याची पोती.

"हे काय?"

"चांगलं दिसतं," हंसा म्हणाली.

"चांगलं? पाहुणे फोटो काढतात इथे!"

"तुम्ही कशाला आत्ता फोटो काढताय? राहू दे."

तिचा आवाज ऐकून तो हीटरकडे वळला. वन्सं खुर्चीतून बघत होत्या. संध्याकाळी त्या वॉकर घेऊन गोणपाटांवरून पूलपर्यंत जाऊन आल्या. जिन्याच्या कठड्याला हात लावला आणि परत फिरल्या. "उद्या बघू," म्हणाल्या.

आत्माराम इतका खूश झाला की त्याने हीटर आणखी दोन आकड्यांनी वर नेला. आणि पहाटे हीटर बंद पडला.

बंद पडला तो काही केल्या चालू होईना. त्यातून त्या दिवशी उत्तरेचा वारा सुटलेला. उत्तनकडून भाजीचा टेम्पो घेऊन येणारा माणूससुद्धा कानटोपी घालून आला. भाईंदरचा मेकॅनिक येऊन, पत्रा उघडून, मान हलवून गेला. "साहब, अंदर का पार्ट गया है. कल दोपहर तक लगा दूँगा. तब तक कवर डाल के रखो."

कव्हर तर घातलेलंच होतं. आत्मारामने त्यावर ताडपत्री टाकली, ताडपत्रीवर गाडीचं कव्हर टाकलं. तो घरातल्या गोधड्यांकडे वळला तेव्हा हंसा दारात आडवी उभी राहिली.

"गोधड्या नाही. पूलला काय ताप आलाय?"

"तापच उतरतोय त्याचा! ताई आज उतरते म्हणाली होती. आज गार पाणी लागलं तर पुन्हा कधी पाऊल टाकणार नाही ती."

हे मात्र खरं होतं. हंसा दारातून बाजूला झाली. तोवर आत्माराम चपला अडकवून निघालाही होता. तासाभराने परतला तो टेम्पोतून. सोबत महिपत, आणि मागे गावातल्या केटररकडून आणलेले लग्नाच्या जेवणाचे दोन मोठे टोप, दोन भट्ट्या, गॅसचे सिलेंडर. अंगणात भट्ट्या पेटल्या. टोप भरले. पाणी उकळलं की महिपत आणि आत्माराम दोघं मिळून टोप पूलच्या जिन्याजवळ न्यायचे, तिथलं कव्हर दुमडून हळूहळू ओतायचे, की परत दुसरा टोप. आत्मारामचा चष्मा वाफेने धुरकटलेला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोक्याला टॉवेल.

"साहेब, ह्याच्यानं काय व्हनार न्हाय," महिपत मध्येच म्हणाला. "समद्या पुलाचं पानी हाय."

"सगळा नको. जिन्याजवळचा कोपरा ऊन झाला की पुरे."

वन्सं व्हरांड्यात बसून हे सगळं बघत होत्या. हंसा त्यांच्यासाठी पोहे घेऊन आली, तर बशीकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"आत्मा!" त्यांनी हाक मारली. "ठेव ते खाली. पाठ मोडून घेशील."

"झालं ताई, एवढा एकच."

"मघापासून एकच चाललाय तुझा. वय काय तुझं?"

"तुझ्याहून कमी आहे."

तो पुढचा टोप उचलायला वाकला आणि कमरेवर हात ठेवून क्षणभर तसाच राहिला. हंसा धावली. "काही नाही, काही नाही," म्हणत तो सरळ झाला आणि पुन्हा टोपाच्या कडीला हात घातला.

वन्संनी वॉकर पुढे ओढला आणि उठून उभ्या राहिल्या.

"हंसा, माझी ती जुनी सुती साडी काढ. चॉकलेटी. हा गाढव काही ऐकायचा नाही. मी उतरल्याशिवाय थांबणार नाही तो."

हंसाने साडी काढली आणि त्याबरोबर स्वतःचा एक जुना पंजाबी ड्रेसही काढला. वन्संनी भुवया उंचावल्या.

"तू कशाला?"

"मी पण येते."

"पोहता येतं?"

"नाही. तीन वर्षांत बोट बुडवलं नाही ह्यात. पण पाणी छातीपर्यंतच आहे, असं हे सगळ्या पाहुण्यांना सांगतात. खोटं निघालं तर यांना बघून घेऊ आपण दोघी."

वन्सं खळखळून हसल्या. इतक्या वर्षांत हंसाने त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं.

महिपत खरोखरच पाठ करून फाटकाकडे जाऊन बसला. आत्मारामने कव्हर अर्धं गुंडाळलं, पाणी ढवळून कोपरा आपल्या हाताने तपासला आणि बाजूला झाला. हंसा आधी उतरली. पहिल्या पायरीला पाणी घोट्यापर्यंत आलं, दुसरीला गुडघ्यापर्यंत, आणि ओढणी फुगून वर आली तेव्हा ती "अरे बापरे" म्हणून किंचाळली. तिसऱ्या पायरीवर तिने पाय घट्ट रोवले आणि दोन्ही हात पुढे केले.

"या."

वन्सं गोणपाटाच्या टोकाशी उभ्या होत्या. पुढे फक्त वीतभर ओली लादी. त्यांनी आत्मारामकडे बघितलं नाही. हंसाकडे बघितलं. हंसाने वाकून, पाणी न उडवता, आपली ओली ओढणी पिळून त्या लादीवर अंथरली. वन्संनी वॉकर सोडला, एका हाताने कठडा धरला, दुसऱ्याने हंसाचं मनगट, आणि पाऊल टाकलं.

पाणी कोमट होतं. खरं सांगायचं तर कोपऱ्यात कोमट आणि त्यापुढे कोमटाहून जरा कमीच. पण कमरेपर्यंत पाणी आलं तशा वन्सं थबकल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं.

"हलकं वाटतंय गं," त्या पुटपुटल्या. "दुखत नाहीये."

"चला मग."

दोघी चालल्या. एकमेकींचे हात धरून, फुगडीला उभ्या राहिलेल्या मुलींसारख्या, हंसा उलटी आणि वन्सं सुलट. जिन्यापासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून जिन्यापर्यंत. पहिल्या खेपेला वन्संची नजर पाण्याखालच्या पायांवर होती. दुसऱ्या खेपेला वर आली. नंतर त्यांना बोलायलाही सुचायला लागलं.

"तुझ्या आमटीत अजून साखर असते."

"चाळीस वर्षं झाली, वन्सं. आता काय बदलणार?"

"बदलू नकोस. परवा खाल्ली, बरी लागली." थोडं चालून त्या म्हणाल्या, "तेव्हाही बरीच लागली असती. मी खाल्ली नाही."

हंसाने त्यांचे हात जरा घट्ट धरले. "कोपऱ्यात चला, इथे गार लागतंय," एवढंच म्हणाली.

आत्माराम पायरीवर बसला होता, पाय पाण्यात सोडून. चष्मा काढून टॉवेलने पुसत होता आणि पुसून झाल्यावरही पुसतच होता.

"काय रे, रडतोस काय?" वन्संनी विचारलं.

"धूर गेला डोळ्यांत."

"गॅसच्या भट्टीला धूर?" वन्सं म्हणाल्या आणि त्यांनी तळहाताने पाणी त्याच्या तोंडावर उडवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा टोप चढले, कारण वन्संनीच "आज कुठे गेलं तुझं पाणी?" म्हणून विचारलं. दुपारी मेकॅनिक आला आणि हीटर सुरू झाला. पण एक गोष्ट आत्माराम सपशेल विसरला होता. या शनिवारचं बुकिंग आधीच झालेलं होतं, ते रद्द करायचं राहून गेलं होतं. ठाण्याच्या रुचिता नावाच्या बाई, नवरा, दोन मुलं. हंसाने फोन करून सांगितलं, घरात आजी आहेत, त्यांची एक खोली सोडून बाकी सगळं तुमचं, चालेल का, आणि पूल आत्ताच दुरुस्त झालाय. चालेल, म्हणाल्या. यायचे होते चारला, आले तीनलाच.

तेव्हा वन्सं आणि हंसा पाण्यात होत्या. फाटक उघडल्याचा आवाज आला, मुलं थेट मागे धावत आली, मागोमाग रुचिता. पूलमध्ये चॉकलेटी साडीतल्या एक म्हाताऱ्या बाई, पंजाबी ड्रेसमधल्या दुसऱ्या, अंगणात लग्नाचे टोप आणि लाद्यांवर गोणपाटं. रुचिता जागच्या जागी थांबली. हंसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सॉरी हं, आम्ही निघतोच, दोन मिनिटं..."

"कुठे निघतेस?" वन्सं म्हणाल्या. मग मुलांकडे वळून त्यांनी आवाज चढवला, "ए, पळायचं नाही. लादी ओली आहे. त्या गोणपाटावरून या, हळू. हां, असं."

मुलं खरंच गोणपाटावरून चालत आली.

रुचिता हसली. "आजी, पाणी खरंच गरम आहे ना? मागे एका ठिकाणी आम्हाला फसवलं होतं."

"ह्या कोपऱ्यात ये," वन्सं म्हणाल्या आणि जागा करायला हंसाचा हात धरून, एकेक पाऊल टाकत, बाजूला सरकल्या. "तिकडे अजून जरा गार आहे. होईल रात्रीपर्यंत. माझा भाऊ बघतो ते."

वन्सं दोन आठवड्यांऐवजी चार आठवडे राहिल्या. वॉकर डोंगरीलाच पडून राहिला, नवघरला त्या काठी घेऊन गेल्या. आता नीलेश त्यांना दर गुरुवारी आणून सोडतो. अभिनव अजून फोनवर कुरकुर करतो, की गुरुवारी बुकिंग का घेत नाही, आणि आठवडाभर मशीन चालू ठेवायचं काय कारण.

"मशीन फार दिवस बंद ठेवलं की बिघडतं," हंसा त्याला सांगते. "मेकॅनिकच म्हणाला."